पापाकुराची छत्रीवाली

तिचं मूळ जपानी नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून आमच्या घरात ती कायम 'छत्रीवाली'च राहिली. समुद्रकाठच्या एका गावात काकाच्या दुकानात छत्र्या दुरुस्त करणारी शाळकरी मुलगी. त्या गावात कुणावर मोठं दुःख आलं की त्या एकट्याच माणसावर पाऊस पडायला लागतो. आजूबाजूला लख्ख ऊन आणि तो एकटाच चिंब भिजलेला. मग ही मुलगी आपली जुनी निळी छत्री उघडते, शाळेच्या गणवेशाचा एका क्षणात निळा-पांढरा घेरदार झगा होतो आणि ती त्या माणसाकडे धावत सुटते. तिच्याकडे तलवार नाही, जादूची कांडीही नाही. ती फक्त छत्री धरून त्याच्या शेजारी उभी राहते. तिची शत्रू म्हणजे कोरडी राणी. ही राणी लोकांचे अश्रूच सुकवून टाकते. आधी त्यांना दुःख वाटेनासं होतं आणि मग हळूहळू कशाचंच काही वाटेनासं होतं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते चिंचवडला, शाळेत असताना. केबलवर हिंदीत डब केलेली जपानी कार्टून्स लागायची. बाबा कारखान्यातून पहिली पाळी करून आले की त्यांना बातम्या हव्या असायच्या, त्यामुळे मी बहुतेक भाग अर्धेच पाहिले. मग चॅनेलनेच ती मालिका मध्येच बंद केली. राणीचं पुढे काय झालं, ते मला कळलंच नाही. शिक्षण, नोकरी, लग्न, ऑकलंडला येणं, या सगळ्यात मी तिला विसरूनही गेले.

ती परत भेटली आमच्या उपनगरातल्या, पापाकुराच्या लायब्ररीत. मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. ती खाली सतरंजीवर चित्रांची पुस्तकं पसरून बसली होती आणि मी नुसती कपाटं बघत उभी होते. एका मुखपृष्ठावर निळी छत्री दिसली. उघडून पाहिलं तर तीच. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, इंग्रजी भाषांतरात, उजवीकडून डावीकडे वाचायचा. सगळे भाग होते. मी तिथेच, कोट न काढता, एका लहान मुलांच्या खुर्चीवर बसून वाचायला लागले. मुलगी येऊन माझी बाही ओढायला लागली तेव्हा भानावर आले.

त्या हिवाळ्यात मी तिला रोज संध्याकाळी छत्रीवाली वाचून दाखवायची. पुस्तक इंग्रजीत होतं, पण माझ्या तोंडून ते मराठीतच बाहेर पडायचं. काकाला मी जरा घोगरा, चिंचवडच्या आमच्या किराणा दुकानदारासारखा आवाज दिला होता. राणी अगदी हळू आणि शुद्ध बोलायची. आणि छत्री उघडताना छत्रीवाली जे वाक्य म्हणते ते इंग्रजीत फारच मिळमिळीत वाटलं, म्हणून मी माझंच एक रचलं: "ज्याच्यावर आभाळ कोसळलंय, त्याच्यासाठी ही छत्री उघडते आहे." माझ्या लेकीला बरेच दिवस वाटायचं, की खरंच आभाळाचे तुकडे पडतात. ढगाळ दिवशी शाळेत जाताना ती वर बघत चालायची.

ती इथे जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. मी मराठीत विचारणार, "डबा संपवलास का?" आणि ती म्हणणार, "येप, मोस्टली." मी त्यावरून कधी कटकट केली नाही. पण मनात कुठेतरी होतं, की हिच्याशी असलेलं माझं मराठी एकाच बाजूने वाहतं.

मोठी झाल्यावर तिचं वाचनही बदललं आणि मैत्रिणीही. हायस्कूलमध्ये गेली आणि तिला कॉस्प्लेचं वेड लागलं. म्हणजे मांगा-ॲनिमेतल्या पात्रांचे हुबेहूब कपडे स्वतः शिवायचे आणि ते घालून मोठ्या संमेलनाला जायचं. तिच्या खोलीत कापडाचे तुकडे, गरम गोंदाची बंदूक आणि फोमच्या पट्ट्या यांचं राज्य सुरू झालं. एका रविवारी नाश्त्याच्या वेळी तिने जाहीर केलं, की यंदा ती आणि तिची मैत्रीण छत्रीवाली करणार आहेत. मला इतका आनंद झाला, की मी पोह्यांची कढई गॅसवर तशीच ठेवून खुर्ची ओढून बसले. मी म्हटलं, तुला निळा रंग छान दिसेल.

तिने मान हलवली. तिला राणी व्हायचं होतं. राणीचा पोशाख शिवायला जास्त अवघड होता, काळ्या कापडावर तडे गेलेल्या जमिनीसारखी नक्षी होती, आणि तिला तेच करून बघायचं होतं. तिची मैत्रीण होणार होती काका, खोटी दाढी लावून.

"मग छत्रीवाली कोण?" मी विचारलं.

"यू, आई," ती म्हणाली, आणि पुढचंही तिच्या इंग्रजीतच: "मला नेहमी तुझाच आवाज ऐकू येतो. जपानीत बघितलं ना, तर ती मला राँग वाटते."

मी हसले. चाळिशी केव्हाच ओलांडलेली, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी, गुडघ्याला पट्टा बांधून चालायला जाणारी बाई मी. छत्रीवाली शाळकरी. मी तसं म्हटलं तर लेक म्हणाली, की कॉस्प्लेला वय नसतं, तिथे आजोबासुद्धा येतात. आणि विषय संपल्यासारखी ती उठून गेली. मी दिवसभर नाही म्हणायची कारणं शोधत होते. संध्याकाळी लक्षात आलं, की मी कारणं शोधता शोधता निळ्या कापडाच्या छटा बघत होते.

मला शिवण येत नव्हतं. साडीला फॉल लावणं आणि बटण शिवणं, एवढीच माझी मजल. आमच्या शेजारी टोंगा बेटांवरून आलेल्या एक टोंगन बाई राहतात. आम्ही सगळे त्यांना आंटीच म्हणतो. त्या चर्चमधल्या निम्म्या लहान मुलींचे रविवारचे पांढरे फ्रॉक शिवतात. मी चित्र घेऊन त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, त्या विचारतील हे कशासाठी. त्यांनी चष्मा लावला, चित्र जवळून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो झग्याच्या घेराबद्दल. आत किती थरांचं अस्तर आहे, ते चित्रात दिसत नव्हतं, आणि त्यांच्या मते खरी गंमत तिथेच होती.

त्या मला शिकवणार होत्या, शिवून देणार नव्हत्या. हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग शनिवारी सकाळी मी त्यांच्या गॅरेजमध्ये जायला लागले. आधी जुन्या चादरीवर कापून बघायचं, मग खरं कापड. कच्चा धावदोरा घालून अंगावर चढवायचं, टाचण्या लावायच्या, उसवायचं, परत घालायचं. चुण्या सारख्या पडेनात तेव्हा मी वैतागले, तर आंटींनी शांतपणे सगळी शिलाई उसवून कापड परत माझ्या हातात दिलं. मुलगीही तिचं काळं कापड घेऊन यायला लागली. आम्ही तिघी तीन मशीनवर. रेडिओवर टोंगन भजनं चालू. आंटी मध्येच सूर धरायच्या, तेव्हा माझी लेक मशीनवरचा पाय थांबवून ऐकायची.

छत्रीचं काम नवऱ्याने मागून घेतलं. तो इमारतींची तपासणी करतो, भूकंपात त्या तग धरतील का ते बघतो, आणि घरातही प्रत्येक गोष्टीकडे त्याच नजरेने पाहतो. छत्रीवालीची छत्री मोठी असते, एका झटक्यात उघडते आणि आतून उजळते. त्याने एक मोठी गोल्फची छत्री आणली, तिचं कापड काढून टाकलं आणि काड्यांचा नुसता सांगाडा जेवणाच्या टेबलावर ठेवून दोन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिला. ऑकलंडच्या वाऱ्यात ती उलटली तर काय, हीच त्याची मुख्य काळजी. संमेलन बंद हॉलमध्ये आहे, असं मी सांगितलं, तर म्हणाला, स्टेशनपासून हॉलपर्यंत चालायचं आहेच की.

बाबांना सांगायची मला धास्ती होती. व्हिडिओ कॉलवर मी आडून आडून विषय काढला, तर ते म्हणाले, "या वयात?" मला वाटलं, संपलं. पण मागे टेबलावरचा सांगाडा त्यांना दिसला होता. ते म्हणाले, ते काय आहे, जवळ आण. बाबांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली. छत्री उघडायचा खटका अडकतोय हे त्यांनी आवाजावरूनच ओळखलं आणि जावयाला सांगितलं, की तिथली कड कानशीने जरा मारून घ्या, स्प्रिंग बदलू नका. त्यानंतर ते दोघं माझ्याशिवायच फोन करायला लागले. छत्री तयार झाली तेव्हा बाबांनी ती आपल्या मित्रांना दाखवायची म्हणून तिचा व्हिडिओ मागवून घेतला.

वाक्य कुठल्या भाषेत म्हणायचं, यावर घरात चर्चा झाली. संमेलनात वेषभूषेची स्पर्धा असते आणि त्यात प्रत्येकाला स्टेजवर एक मिनिट मिळतं. मी म्हटलं, इंग्रजीतच म्हणते, लोकांना कळायला हवं. लेक म्हणाली, की इंग्रजीतलं वाक्य छत्रीवालीचं नाहीच मुळी. नवऱ्यानेही तिचीच बाजू घेतली. त्यामुळे मराठी ठरलं.

संमेलनाच्या दिवशी सकाळी मी झगा घातला, पांढरे हातमोजे घातले, केसांना निळी रिबन बांधली आणि आरशासमोर उभी राहिले. पोट दिसत होतं. हनुवटीखालची घडीही दिसत होती. पण झगा असा बसला होता, की त्याची एकही शिवण कुठे ओढत नव्हती, आणि त्यातली प्रत्येक शिवण मी घातली होती. मी वळले तर घेर माझ्याबरोबर वळला आणि मी थांबल्यावर एक क्षण उशिराने थांबला. आंटी फाटकात उभ्या होत्या. त्यांनी मला गोल फिरायला लावलं, मागून पाहिलं, आणि म्हणाल्या, या झग्याला मी माझा म्हणायला तयार आहे. त्यांच्या तोंडून ही फार मोठी पावती होती.

पापाकुरा स्टेशनवर पोहोचलो आणि नेमकं तिथे मराठी मंडळातलं एक जोडपं भेटलं. दोघंही आमच्यापेक्षा मोठे, पुण्याचे, दिवाळीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारे. माझ्या एका बाजूला मुलगी, काळा मुकुट आणि लांब काळी नखं लावलेली. दुसऱ्या बाजूला दाढीवाली मैत्रीण. नवरा छत्री काखेत धरून, नेहमीच्या जीन्समध्ये. पळायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं, तर मला पळावंसंही वाटलं नाही. मी सरळ जाऊन नमस्कार केला.

"काही फॅन्सी ड्रेस आहे का मुलांचा?" त्या जोडप्यातल्या काकूंनी विचारलं.

"मुलांचा नाही, माझाच आहे," मी म्हणाले. "मी स्पर्धेत उतरते आहे."

काकूंचे यजमान फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागले. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग वाकून झग्याची कड हातात घेतली आणि उलटी करून आतली शिलाई बघितली. कुणी शिवला म्हणून विचारलं. मीच, म्हटल्यावर त्यांनी ती कड परत एकदा बघितली. आपल्या सुनेला हे शिकायचं आहे, तुम्ही कुठे शिकलात, असं विचारत त्या गाडी येईपर्यंत माझ्याशीच बोलत राहिल्या.

गाडीत मला बसता आलं नाही. अस्तराच्या थरांमुळे मी दोन सीट अडवल्या असत्या, म्हणून दांड्याला धरून उभी राहिले. ओटाहुहु स्टेशनला जँडल्स, म्हणजे रबरी चपला घातलेली, उंच, तगडी मुलं चढली, मॅचला निघालेली असावीत. त्यांतल्या एकाने छत्रीकडे बोट दाखवून विचारलं, ती उघडते का. नवऱ्याने ती गाडीत उघडायला साफ नकार दिला, पण खटका कसा चालतो, ते पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत त्याला समजावून सांगितलं. तो मुलगा 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम झकास, म्हणत उतरला.

हॉलमध्ये शिरल्यावर माझी भीडच गेली. तिथे माझ्याकडे वळून बघायला कुणाला वेळ नव्हता. पंख लावलेले, चिलखत घातलेले, निळ्या कातडीचे, शेपटीवाले लोक कॉफीच्या रांगेत शांतपणे उभे होते. लेकीचं म्हणणं खरं होतं, एक आजोबाही होते, जादूगाराच्या वेषात, घडीची खुर्ची बरोबर घेऊन आलेले. आधी परीक्षकांच्या टेबलावर जावं लागलं. त्यांनी झगा, मुकुट, छत्री सगळं जवळून तपासलं. माझ्या मुलीला त्यांनी तड्यांची नक्षी कशी केली ते विचारलं. तिने गोंद, रंग, कापड भाजण्याचे प्रयोग, फसलेले नमुने, सगळं न अडखळता सांगितलं. घरी 'येप' आणि 'नोप'वर भागवणारी मुलगी. मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हिला इतकं सगळं येतं.

स्टेजवरचं मिनिट मला तुटक तुटकच आठवतं. डोळ्यांवर आलेला प्रकाश. समोर राणी हळूहळू चालत येते आहे, आणि ती माझी मुलगी आहे हे मला मुद्दाम आठवावं लागतंय. मी छत्री पुढे धरली आणि वाक्य म्हणाले, तिच्या लहानपणी सतरंजीवर बसून म्हणायची तसंच, त्याच आवाजात. खटका दाबला. छत्री फटकन उघडली आणि आतून उजळली. समोरच्या अंधारातून मोठा आवाज आला, शिट्ट्या आल्या. त्यांतल्या कुणालाही मराठी कळत नव्हतं, पण छत्री कशासाठी उघडली ते कळलं असावं. मुलीने कोपराला धरून मला खाली आणलं.

निकालाला वेळ होता. नवरा आणि दाढीवाली मैत्रीण खायला काही आणायला गेले आणि आम्ही दोघी एका खांबाशी उभ्या राहिलो. तेवढ्यात माझा झगा कुणीतरी ओढला. खाली पाहिलं तर एक अगदी लहान मुलगी. डोक्यावर मांजराचे विकतचे कान, पायांत लाल गमबूट. तिने झगा घट्ट मुठीत धरला होता आणि ती समोर कुठेतरी बघत होती. रडत नव्हती. ओठ आत ओढून घेतले होते.

मी खाली वाकून तिला विचारलं, कुणाबरोबर आलीस. डॅडबरोबर. डॅडचं नाव काय? डॅड. कुठे राहतेस? पोरिरुआला. काल विमानाने आलो. डॅड कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. तेवढ्यात तिची नजर माझ्या मुलीवर गेली, काळी नखं, काळा मुकुट, तडे रंगवलेला चेहरा, आणि ती माझ्या झग्यात तोंड लपवून थरथरायला लागली.

माझ्या मुलीने मुकुट काढला. एकेक करून नखं काढली आणि ती त्यात ठेवली. मग दोन्ही गुडघे जमिनीवर टेकून बसली, म्हणजे ती त्या छोटीपेक्षाही ठेंगणी झाली. तिच्याकडे न बघता, हसऱ्या चेहऱ्याने, ती मला म्हणाली, "आई, तिचा हात सोडू नकोस. मी डेस्कवर सांगून येते. तिला रडायला येतंय, पण ती दाखवत नाहीये. आपण घाबरलोय, असं तिला वाटायला नको. तू छत्री उघड आणि उंच धर. तिच्या बाबांना लांबून दिसेल."

मग त्या मुलीला तिने इंग्रजीत सांगितलं, की आज राणीने छत्रीवालीच्या बाजूने यायचं ठरवलंय. आणि ती स्कर्ट दोन्ही हातांनी उचलून गर्दीतून पळत गेली.

मी छत्री उघडली. दिवे लागले. दांडा दोन्ही हातांत धरता येईना, कारण एक हात त्या छोटीच्या मुठीत होता. नवऱ्याने काड्या हलक्या ठेवल्या होत्या म्हणून एका हाताने ती डोक्यावर उचलता आली. आम्ही निघालो, दुकानांच्या रांगांमधून, अगदी हळू. चालता चालता मी तिला छत्रीवालीची गोष्ट सांगितली, कुणावर पाऊस पडतो आणि छत्री काय करते ती. तिने वर, उजळलेल्या कापडाकडे पाहिलं आणि विचारलं, माझ्यावरही पडतोय का?

मी म्हटलं, थोडासा पडतोय. पण आता तू छत्रीखाली आहेस.

मग ती रडली. आत ओढलेले ओठ सुटले आणि ती मोठ्याने, मोकळेपणाने रडली. मी तिला गप्प केलं नाही. छत्रीवाली कुणाला कधीच गप्प करत नाही. लोक वाट करून देत होते. कुणीतरी मोठ्याने विचारलं, हिचे बाबा कुठे आहेत, आणि तो प्रश्न आमच्या पुढे पुढे रांगांमधून जायला लागला.

तिचे बाबा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होते. ते रोबो होऊन आले होते, खोक्यांचा, चंदेरी रंग दिलेला रोबो. पळता यावं म्हणून त्यांनी पायांवरची खोकी फाडून काढली होती आणि एक फाटका तुकडा अजून टाचेला चिकटलेला होता. माझी मुलगी त्यांच्या पुढे धावत होती आणि छत्रीकडे हात करत त्यांना दाखवत होती. त्या मोठ्या माणसाने लेकीला उचललं, तिच्या मानेत तोंड घातलं. मग ते आम्हा दोघींकडे वळून म्हणाले, "किया ओरा. किया ओरा." हा माओरी भाषेतला नमस्कार, पण इथे आभार मानतानाही तेच म्हणतात. त्यांनी माओरी रीतीप्रमाणे वाकून माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, मग माझ्या मुलीच्याही. तिच्या चेहऱ्यावरचा काळा रंग थोडा त्यांच्या नाकाला लागला.

दाढीवाली मैत्रीण आम्हाला शोधत आली तेव्हा तिला धाप लागली होती. शिवणकामाचं, मुलांच्या गटातलं पहिलं बक्षीस राणीला मिळालं होतं. स्टेजवरून दोनदा पुकारलं आणि कुणीच गेलं नाही. मला वाईट वाटलं. इतके शनिवार घालवून केलेलं काम, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा ही तिथे नाही. मी तसं म्हटलं तर लेक म्हणाली, "इट्स फाइन, आई." आणि खरंच तिला काही वाटलेलं दिसत नव्हतं. तिने टेबलावर जाऊन आपली फीत घेतली, पिशवीत टाकली आणि छोटीने जाताना आपल्याला टाटा केला का, हे मला विचारलं. केला होता. मला काहीच बक्षीस मिळालं नाही, आणि ते मला त्या दिवशी आठवलंदेखील नाही.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. मी अस्तर गोळा करून एकदाची बसले. नवरा समोर, छत्री मांडीवर घेऊन, एक काडी जराशी वाकली होती ती सरळ करत. मी लेकीला विचारलं, की तू मघाशी माझ्याशी सगळं मराठीत का बोललीस.

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, की इंग्रजीत बोलले असते तर त्या छोटीला कळलं असतं. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तू पटकन ऐकतेस मराठीत." हेही मराठीतच. ळ आणि ण जरा घसरलेले होते, पण ते सगळे जागच्या जागी होते. तिचा अभिमान वाटायला तिने मराठीत बोलायची काहीच गरज नव्हती, हे मला त्या दिवशी आधीच कळून चुकलं होतं. तरीही ते वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

पापाकुराला उतरल्यावर मैत्रिणीला तिच्या घरी सोडलं आणि दूध संपलंय हे आठवून कोपऱ्यावरच्या डेअरीत शिरलो. दुकानदार गुजराती, आम्हाला रोज बघणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं आणि दुधाची बाटली हातात तशीच धरून विचारलं, हे काय आहे. मी काही सांगायच्या आत मुलगी बोलायला लागली. आई कोण झाली होती, तिने झगा कसा शिवला, स्टेजवर तिने काय म्हटलं, मग ती हरवलेली छोटी मुलगी आणि आईने गर्दीवर उंच धरलेली छत्री, हे सगळं तिने काउंटरला टेकून त्यांना सांगितलं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी राहिली, तीही ऐकायला लागली. तिने स्वतःबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाही.

तिचं संपल्यावर मी पुढे सरकले.

"आणि ही पळत गेली नसती, तर ते बाबा सापडले नसते," मी म्हणाले. "हिला पहिलं बक्षीस मिळालंय. दाखव की तुझी फीत."

ती 'आई, स्टॉप' म्हणाली, पण तिने पिशवीत हात घातला.